नदीत टाकलेली गिटार

टस्कम्बिया, अलाबामा
१६ मे १९९४

लेलंड,

तुझी ख्यालीखुशाली विचारायला हे पत्र लिहीत नाही. आणि माझं कसं चाललंय ते तू भावाच्या, हॉयटच्या, मयताला आला असतास तर तुला दिसलंच असतं. सगळं गाव लोटलं होतं. गिरणीतले म्हातारे काठ्या टेकत आले. तो डेलबर्ट स्टॅग्ज, ज्याचं आणि हॉयटचं कुंपणावरून दहा वर्षं वाकडं होतं, तोसुद्धा हॅम भाजून घेऊन आला आणि दारात उभा राहून रडला. नॅशव्हिलहून अडीच तासांवर असलेला सख्खा भाऊ तेवढा आला नाही. फुलांचा एक गोल आला, त्यावर तुझ्या दुकानाचं नाव होतं. तुझं नव्हे, दुकानाचं! मयतातसुद्धा धंद्याची जाहिरात करणारा दीर देवाने माझ्याच नशिबी लिहिला होता.

असो, कामाचं लिहिते. बसच्या पार्सलने एक पेटी पाठवली आहे, आत विजेवर वाजणारी गिटार आहे. ती आमच्या घरात होती, हॉयटच्या मागे आता माझ्याकडे आली. बर्मिंगहॅमचा वेंडल पेटस म्हणून एक माणूस जुन्या गिटारी गोळा करतो, तो चौकशी करून गेला. मला त्यातलं काही कळत नाही. तू तीस वर्षं हाच धंदा करतोस. नॅशव्हिलमध्ये तू एखादी गिटार अस्सल म्हटलंस की ती अस्सल, असं इथं सगळे म्हणतात.

तर बघ आणि लिही. जशी कंपनीतून आली तशीच आहे की कुणी हात लावलाय? किंमत काय? खरं तेवढं लिही. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही, हे एक मागते.

ओपल

*

नॅशव्हिल, टेनेसी
२७ मे १९९४

ओपल वहिनी,

गिटार पोचली.

मयताचं म्हणाल तर त्या घराचा उंबरा पुन्हा चढणार नाही असं १९६१ साली सांगून मी निघालो होतो, आणि मी बोललेलं पाळतो. त्या घरात सगळ्यांनाच ही सवय असती तर बरं झालं असतं. फुलं माझ्या दुकानातल्या बाईने पाठवली. नाव काय घातलं ते मला ठाऊक नाही.

आता गिटार. मिशिगनच्या मार्लोव कंपनीची, १९६० सालची. लाकूड खरं आहे, सांगाडा खरा आहे. पुढचं ऐकून वाईट वाटेल, पण तुम्ही खरं मागितलंत.

त्या सालच्या मार्लोवचा कडेचा लाल रंग उजेडाने उडतो. वीस-पंचवीस वर्षांत त्याचा पार चहा होतो. तुमच्या गिटारीचा लाल काल लावल्यासारखा आहे. याचा अर्थ मागाहून कुणीतरी ती खरवडून पुन्हा रंगवली आहे. मानेवरचे पडदे, ज्या धातूच्या पट्ट्यांवर तारा दाबतात त्या, झिजलेले नाहीत, म्हणजे तेही बदललेले. तारांखाली दोन चुंबकाच्या पेट्या असतात, त्यांना आम्ही पिकअप म्हणतो. गिटारीचा आवाज तिथून निघतो आणि गिऱ्हाईक पैसे मोजतं ते त्यांचेच. पाठीमागचं झाकण काढून बघितलं तर त्यांच्या वायरींचा डाख तोडून पुन्हा दिलेला दिसतो, म्हणजे पिकअपही मूळचे नाहीत. आमच्या धंद्यात इतका हात लागलेल्या मालाला कुणी विचारत नाही.

त्या पेटसच्या नादी लागू नका. मयताचं जेवण निवायच्या आत विधवांच्या दारात पोचणारी ही जमात मला चांगली माहीत आहे. घरातली वस्तू घरातच राहावी म्हणून मीच ठेवून घेतो. सातशे डॉलरचा चेक सोबत आहे. बाजारभावापेक्षा जास्तच आहे.

एक विचारतो. ती घरात नेमकी कुठं असायची? आणि वाजवायचं कोण? हॉयटला तर साधी शीळही सुरात घालता येत नव्हती.

लेलंड टिडवेल

*

टस्कम्बिया
२ जून १९९४

लेलंड भाऊजी,

तुमचा चेक फाडून सोबत परत पाठवते आहे. तुकडे नीट जपून ठेवा, पुढच्या विधवेला उपयोगी पडतील.

काय रे, तुला लाज वाटली नाही? "तुम्ही खरं मागितलंत" असं लिहून खाली ओळीने खोटं लिहिलंस. पत्रात तारीख तेवढी खरी आहे. मला कसं कळलं ते आता सांगत नाही. मी अडाणी बाई, मला गिटारीतलं काही कळत नाही असं मीच लिहिलं होतं, आणि तू हात धुऊन घेतलेस. नॅशव्हिलमध्ये तुझा शब्द चालतो म्हणतात. तो कशावर चालतो हे आज मला कळलं. तो ऐकणाऱ्याच्या अडाणीपणावर चालतो.

वर आणखी घरातली वस्तू घरात राहावी म्हणतोस! कुठलं घर? ज्या घराचा उंबरा तुला चालत नाही ते?

तरी मी चर्चला जाणारी बाई आहे, म्हणून एक संधी देते. गिटार पुन्हा बघ. डोळ्यांवरचा चष्मा पूस, मनातलं जे काही आहे ते बाजूला ठेव, आणि पुन्हा लिही. खरं लिहिलंस तर बरं होईल, आणि तुझंच बरं होईल. ते जमत नसेल तर गिटार परत पाठव. १८ तारखेला बर्मिंगहॅमला जुन्या गिटारींचं प्रदर्शन आहे. तिथं पेटस सगळ्यांसमोर ती उघडून बघेल.

ओपल

*

नॅशव्हिल
९ जून १९९४

ओपल,

आता वहिनी नाही आणि तुम्ही पण नाही. लहानपणी गिरणीच्या चाळीत तू माझ्या डोक्यात दगड घातला होतास, त्या नात्याने लिहितो.

गिटार आजच्या बसने परत पाठवली आहे. दाखव तुझ्या पेटसला, सगळ्या बर्मिंगहॅमला दाखव. पाठीमागचं झाकण काढायला सांग आणि वायरींवरचा डाख बघायला सांग. तो तुटलेला नसेल तर मी दुकानाला कुलूप लावून गिरणीत झाडू मारायला येतो. मी लिहिलं त्यात अक्षराचा बदल करणार नाही.

आणि आता तू मला खरं सांग. मला चोर म्हणतेस? ती गिटार कुणाची आहे, ओपल? पेटी उघडली तेव्हाच मी ती ओळखली. मानेच्या मागे जो क्रमांक आहे ना, तो मी झोपेतही सांगेन. एकोणिसाव्या वर्षी गिरणीत रात्रपाळ्या करून मी ती गिटार घेतली होती. सहा आठवडे माझ्याकडे होती, फक्त सहा. राज्याच्या हद्दीवरच्या बिअरच्या गुत्त्यांत मी ती वाजवायचो, आणि एका शनिवारी कुणा पुण्यवंताने जाऊन बाबांच्या कानात सांगितलं. चर्चच्या कारभाऱ्याचा, डीकनचा मुलगा सैतानाचं वाद्य वाजवतो म्हणून बाबांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, की हॉयट आत्ता जाईल आणि ते पुलावरून नदीत टाकून येईल. आणि तुझा तो आज्ञाधारक नवरा उठला, पेटी उचलली आणि गेला. तासाभराने परत आला. बाबांनी विचारलं, टाकलीस? हा म्हणाला, टाकली. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला!

मी त्याच रात्री घर सोडलं. आईच्या मयताला आलो नाही. बाबांच्या नाही, हॉयटच्या नाही. टेनेसी नदीवरून गाडी जाते तेव्हा आजही मी खाली बघत नाही. आणि आता तू मला बसच्या पार्सलने तीच गिटार पाठवतेस आणि विचारतेस, किंमत काय?

तुम्ही दोघांनी ती दाबून ठेवलीत. हॉयट जिवंत होता तोवर एक अवाक्षर नाही. तो मेल्यावर विकायला काढलीत, आणि मलाच भाव विचारलात. मी सातशे डॉलर देत होतो ते उपकार समज. स्वतःच्याच वस्तूचे मी एक डॉलरसुद्धा का द्यावे?

लेलंड

*

टस्कम्बिया
२० जून १९९४

लेलंड,

तुझं पत्र आलं तेव्हा मी उत्तर लिहिणार नव्हते. आधी बर्मिंगहॅमला जाऊन आले. आता लिहिते, आणि तू बसून वाच.

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये एवढ्या गिटारी की डोळे फिरतील. पेटसने तुझी गिटार टेबलावर ठेवली आणि जांभळा दिवा लावून बघितली. दिव्याखाली जुनं लॅकर, म्हणजे वरचं रोगण, वेगळं चमकतं म्हणे. मग तो हळूच म्हणाला, "मॅडम, हा कंपनीचाच रंग आहे. हा लाल मी आयुष्यात असा बघितला नव्हता. या गिटारीला उजेडच लागलेला नाही." आजूबाजूला माणसं जमली. पडदे बघितले, मूळचे. काय त्यांचे चेहरे, काय त्यांचं हळू बोलणं, एखादं तान्हं मूल झोपलंय असं वाटावं! एका दाढीवाल्याने तर टोपी काढली.

मग पेटसने पाठीमागचं झाकण काढलं आणि त्याचा चेहरा पडला. तो म्हणाला, "हे कुणी केलं?" मी विचारलं, काय केलं? तो म्हणाला, "जुना डाख करडा असतो, मेल्यासारखा. हा चकाकतोय. हा याच महिन्यातला आहे, मॅडम, वास येतोय अजून. पिकअप काढून भलतेच बसवलेत, आणि काम करणारा हात कच्चा नाही. हात पक्का आहे म्हणूनच मला जास्त राग येतोय." मी विचारलं, मूळचे परत बसवता येतील का? तर म्हणाला, बसवता येतील, पण कधीच न उघडलेला जोड एकदा उघडला की उघडला. तो पुन्हा न उघडलेला होत नाही.

म्हणजे २७ मेच्या पत्रातला तुटलेला डाख तू जूनमध्ये तोडलास! आधी खोटं लिहिलंस, मी दुसऱ्याला दाखवते म्हटल्यावर ते खोटं खरं करून पाठवलंस. शाबास रे माझ्या दिरा!

आता हॉयटचं ऐक.

तो त्या रात्री पुलापर्यंत गेला होता. कठड्यापाशी उभा राहिला आणि त्याच्याच्याने झालं नाही. परत येताना पेटी माझ्या वडिलांच्या कोठीत ठेवली. त्याच साली आमचं लग्न झाल्यावर ती आमच्या पलंगाखाली आली. तेहतीस वर्षं मी त्या पेटीवर झोपले, लेलंड. माळ्यावर ऊन तापतं, तिथं नको. तळघरात ओल, तिथं नको. मी केर काढताना पेटीला झाडू लागला तर माझ्यावर ओरडायचा. ओरडायची त्याची तेवढीच एक बाब होती. कुठल्या तरी दुकानात विचारून आला होता, की मान वाकू नये म्हणून तारा सैल ठेवायच्या आणि गंज चढला की बदलायच्या. तो ते इमानाने करायचा. एकदा मी म्हटलं, जरा वाजवून तर बघ. तर म्हणाला, "ती लेलंडची आहे."

बाबा होते तोवर बोलायची सोय नव्हती. तो खोटं बोलला हे बाबांना कळलं असतं, तर गिटारीऐवजी तोच नदीत गेला असता. बाबा गेल्यावर दुसऱ्या वर्षी त्याने पेटी गाडीत घातली आणि नॅशव्हिलला तुझ्या दुकानापाशी आला. हाती टोपी घेऊन उभा राहिला. तुझ्या माणसाने येऊन सांगितलं, साहेब मेम्फिसला गेलेत. परत येऊन हॉयट मला म्हणाला, "पडदा हलला, ओपल. आत होता तो." त्यानंतर त्याने पुन्हा प्रयत्न केला नाही. माझा तुझ्यावरचा राग तिथला आहे. मयताचा नाही.

शेवटच्या दिवसांत मला म्हणाला, "लेलंडला ती पाठव. काही विचारू नकोस, काही सांगू नकोस, नुसती पाठव."

पण मी हॉयट नाही. मी विचारलं. तेहतीस वर्षं ज्याच्यासाठी माझा नवरा पलंगाखाली दिवा धरून बसायचा तो माणूस आहे तरी कसा, हे मला बघायचं होतं. तू पहिल्याच पत्रात एवढं लिहिलं असतंस, की ओपल, ही अस्सल आहे आणि ही माझी आहे, तर मी उलट टपाली लिहिणार होते, की होय, ठेवून घे. ती अट माझी होती, हॉयटची नव्हे. मला तिचा पस्तावा नाही.

हॉयटचा शब्द मात्र मी मोडणार नाही. गिटार आजच्या बसने परत निघाली आहे, पार्सलचं भाडं तू भर. तुझी होती, तुला दिली. जशी आली होती तशी पाठवण्याची माझी फार इच्छा होती. पण ते आता कुणाच्याच हातात राहिलेलं नाही.

मला लिहू नकोस.

ओपल

*

नॅशव्हिल
२६ जून १९९४

ओपल,

लिहू नको म्हणालीस तरी लिहितो. न आवडलं तर चुलीत घाल.

तुझं पत्र वाचलं आणि दुकान बंद करून वर जाऊन बसलो. आधी तुझाच राग आला. काय बाई आहेस तू! माझी वस्तू मला देताना सापळा लावून दिलीस. भावाच्या मरणाचा आठवडा उलटला नसेल आणि तू माझी परीक्षा घेत बसलीस. मी नापास झालो, ते कबूल. पण मास्तरणीलाही दोन शब्द सुनावायचे आहेत, ते मी सोडणार नाही.

मग हॉयटचा राग आला आणि तो अजून उतरलेला नाही. मूर्ख, शुद्ध मूर्ख माणूस! एक पोस्टकार्ड टाकायचं ना! नदीत नाही, पलंगाखाली आहे, एवढं लिहायला त्याची बोटं झिजत होती का? मी त्या दिवशी पडद्याआड होतो. मला वाटलं बाबा मेले म्हणून समेट करायला आला असेल, माफीची भाषणं करेल. पेटी गाडीत होती हे मला कुठं दिसलं? हातात टोपी धरून कशाला उभा राहिला होता? हातात पेटी धरून उभा राहिला असता तर मी काच फोडून बाहेर आलो असतो. पण नाही! हॉयटचं सगळं असंच, पडेल आवाजात आणि दारापर्यंतच.

गिटार समोर टेबलावर आहे. मूळचे पिकअप, मूळचे स्क्रू, सगळं तंबाखूच्या डब्यात जपून ठेवलं होतं. तुला खोटं पाडल्यावर गिटार माझ्याकडे परत येईल आणि मी ते पुन्हा बसवीन, असा माझा हिशेब होता. विकायची नव्हती, ओपल, यावर तरी विश्वास ठेव. मला ती फक्त परत हवी होती, आणि त्या घराचे उपकार न घेता हवी होती. तीस वर्षं मी गिऱ्हाइकांना सांगत आलो, की मूळचा डाख तोडू नका, तो परत येत नाही. माझ्या या हाताने कितीतरी लोकांचे हात मी वेळेवर धरले. माझा धरायला मात्र इथं कोणी नव्हतं.

काल पिकअप परत बसवले. डाख करडा दिसावा म्हणून काय लावायचं ते मला येतं. पेटसच काय, नॅशव्हिलमधला कुणीही फसला असता. पण तसं केलं नाही. चकाकतोय तसाच ठेवलाय. तू भाव विचारला होतास, त्याचं उत्तर द्यायचं राहिलं आहे म्हणून देतो. मार्लोव, १९६०. रंग मूळचा, पडदे मूळचे, पिकअप मूळचे. डाख तुटलेला, जून १९९४, खुद्द मालकाने, संतापाच्या भरात. किंमत निम्मी. विकाऊ नाही.

आणि आता मुद्द्याचं. माझ्या पोटात तेहतीस वर्षांचं भांडण साठलंय. बाबा गेले, आई गेली, हॉयट गेला. ज्याच्यावर ओरडावं असा एकेक माणूस मला न विचारता निघून गेला. आता तुझ्याखेरीज कोणी उरलेलं नाही. तर मी येत्या शनिवारी येतोय. समेटाला नाही, भांडायला येतोय. दार बंद केलंस तर अंगणात उभा राहून ओरडेन, आणि डेलबर्ट स्टॅग्ज कुंपणावरून ऐकेल. तुझी मर्जी.

लेलंड

*

टस्कम्बिया
२९ जून १९९४

लेलंड,

शनिवारी नको, शनिवारी चर्चची झाडलोट असते. रविवारी ये, प्रार्थना सुटल्यावर. आधी आलास तर आत बसावं लागेल, आणि ब्रदर हॅस्केलचं प्रवचन दीड तास चालतं.

भांडायचंच असेल तर क्रमाने भांड. माझ्याकडे यायच्या आधी चर्चच्या मागे जा. हॉयटच्या डोक्याशी अजून दगड बसवलेला नाही, नुसती माती आहे, पण ओळखू येईल. त्याला काय ते ऐकव. मोठ्याने ऐकव, शेवटी शेवटी त्याला उजव्या कानाने कमी ऐकू यायचं. शेजारीच तुझे बाबा आहेत, तिथंही तुझं काम असेल. आईपाशी मात्र गप्प राहा.

सगळं उरकून मग माझ्याकडे ये. बीन्स आणि मक्याचा पाव करून ठेवते. उपाशीपोटी भांडायची मला सवय नाही.

ओपल